राष्ट्रपतींची निवडणूक आणि दलाल स्ट्रीट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

राष्ट्रपतींची निवडणूक झाली आणि शेअर बाजार हादरला, असे आपल्या देशात आपण सहसा ऐकत नाही. अमेरिकेच्या बाबतीत मात्र दर चार वर्षांनी ऐकतो. तिथला राष्ट्राध्यक्ष स्वतःच सरकार चालवतो, कर आणि जकाती यांवर त्याचे वजन असते, त्यामुळे त्याच्या निवडीकडे बाजार डोळे लावून बसतो. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. २००७ साली महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २०२२ साली द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. दोन्ही घटना ऐतिहासिक होत्या, पण दलाल स्ट्रीटवर त्यामुळे भाव वरखाली झाले असे काही घडले नाही.

तरीही इतिहासात दोन प्रसंग असे आहेत, की राष्ट्रप्रमुखाच्या निवडणुकीने मुंबईच्या बाजाराला आणि त्यामार्गे मराठी माणसाच्या पुंजीला थेट हात घातला. पहिली निवडणूक अमेरिकेत झाली, १८६० साली. दुसरी आपल्याच दिल्लीत झाली, १९६९ साली. या दोन गोष्टी आज सांगायच्या आहेत. त्यानंतर आपल्या काळातल्या निकालांच्या दिवसांकडेही वळायचे आहे.

हा विषय मी का निवडला तेही सांगतो. मी बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचा. परळी-अंबाजोगाईच्या टापूतले हे जुने गाव. गावाबाहेरचे केदारेश्वराचे मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले, त्यामुळे इतिहासाची गोडी लहानपणीच लागली आणि पुढे आयुष्यभर शाळेत इतिहासच शिकवला. माझ्या लहानपणी आमच्याकडे बचत म्हणजे कणगीतली ज्वारी, गोठ्यातले जनावर आणि घरातल्या बाईच्या अंगावरचा एखादा सोन्याचा डाग. शेअर हा शब्द पुस्तकातसुद्धा नव्हता. आणि २०२४ च्या मे महिन्यात, लोकसभेच्या निकालाआधी, माझा एक जुना विद्यार्थी मला पारावर भेटला आणि म्हणाला, "सर, निकालाच्या आधी घ्यावं का नंतर?" काय घ्यायचे ते मला आधी कळलेच नाही. तो शेअर बाजारातल्या ऑप्शनबद्दल विचारत होता. सोयाबीनच्या बियाण्यासाठी ठेवलेले पैसे त्याच्या हातात होते. त्याला मी त्या वेळी जे सांगितले, त्याचेच हे थोडे विस्ताराने केलेले कथन आहे.

आता पहिली गोष्ट. ६ नोव्हेंबर १८६० रोजी अब्राहम लिंकन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडच्या राज्यांनी संघराज्यातून बाहेर पडायला सुरुवात केली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या. तो येईनासा झाला, तेव्हा गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. हा कापूस मुंबई बंदरातून जात असे. भाव काही पटींनी चढले. त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त मिळाले, असा अंदाज जुन्या लेखकांनी नोंदवून ठेवला आहे.

एवढा पैसा आला, पण तो गुंतवायला जागा नव्हती. मग कंपन्या निघू लागल्या. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या. प्रेमचंद रायचंद हे या काळातले सर्वांत मोठे नाव. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत गेला. लोक शेअर गहाण ठेवून बँकेतून कर्ज घेत आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर घेत. पुष्कळ सौदे मुदतीचे होते. म्हणजे आज भाव ठरवायचा आणि पैसे पुढच्या तारखेला द्यायचे. अशा अनेक सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

त्याआधीच, एप्रिल १८६५ मध्ये, अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचे भाव उतरले आणि १ जुलैला देणी भागवायला कुणाकडेच पैसे नव्हते. ज्याला घ्यायचे होते तोही बुडाला आणि ज्याला द्यायचे होते तोही. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला. पुढे ती बँकच गुंडाळावी लागली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान आणि लोकसेवक माणसालाही या सट्ट्याचा जबर आर्थिक फटका बसला. टाऊन हॉलजवळच्या वडाच्या झाडांखाली जमणाऱ्या दलालांनी या पडझडीतून सावरून १८७५ साली आपली संघटना बांधली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार.

या गोष्टीतले दोन धागे लक्षात ठेवावेत. मुंबईतल्या एकाही माणसाला लिंकन यांच्या निवडणुकीत मत नव्हते, तरी तिचा परिणाम मुंबईवर झाला, कारण मालाचा आणि पैशाचा व्यवहार समुद्रापलीकडे जोडलेला होता. आणि दुसरे म्हणजे भाव उतरल्याने नुकसान झालेच, पण घरेदारे गेली ती उसन्या पैशांवर केलेल्या मुदतीच्या सौद्यांमुळे.

आता १९६९ कडे येऊ. हे वर्ष आपल्या आर्थिक इतिहासात फार महत्त्वाचे आहे, आणि त्याच्या मध्यभागी राष्ट्रपतिपदाची निवडणूक आहे.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पंतप्रधान इंदिरा गांधी आणि काँग्रेसमधले ज्येष्ठ नेते यांच्यात तेव्हा मोठी ओढाताण चालू होती. त्याच सुमारास, २७ जूनला, सरकारने शेअर बाजारातले वायद्याचे व्यवहार बंद केले. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. सट्टा फार वाढला आहे, हे त्यामागचे कारण होते. मुंबईच्या बाजाराची बरीचशी उलाढाल वायद्यावरच चालत असल्याने दलालांना हा मोठा धक्का होता.

जुलैत बंगळूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. राष्ट्रपतिपदासाठी संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने निश्चित केले. इंदिराजींचा कल वेगळा होता. महाराष्ट्राचे दोन मोठे नेते या मंडळात होते, यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील. दोघांनीही रेड्डींच्या बाजूने मत दिले. इंदिराजी दिल्लीला परतल्या आणि १६ जुलैला त्यांनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले. तीन दिवसांनी, शनिवारी १९ जुलैला, १४ मोठ्या खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. ज्यांच्या ठेवी ५० कोटी रुपयांहून जास्त होत्या, अशा या बँका. त्याच रात्री पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला ही बातमी सांगितली. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती माणसे बसत. मी तेव्हा चौथीत होतो. मोठ्यांच्या बोलण्यातला "बँका सरकारच्या झाल्या" हा एवढाच शब्दसमूह मला आठवतो. चौदांपैकी एकाही बँकेशी आमच्यापैकी कुणाचा संबंध नव्हता.

हा वटहुकूम कुणाच्या सहीने निघाला हे पाहण्यासारखे आहे. सही हंगामी राष्ट्रपती गिरी यांची होती. दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, त्यांनी पदाचा राजीनामा दिला, कारण त्यांना स्वतःला राष्ट्रपतिपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवायची होती. आता उपराष्ट्रपतीही नव्हते, म्हणून सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर ९ ऑगस्टला सही त्यांनी केली. एका महिन्यात राष्ट्रपतिपद आणि बँकांची मालकी हे दोन प्रश्न असे एकमेकांत गुंतले.

या निवडणुकीत तिसरा महत्त्वाचा उमेदवार मराठी होता. चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर नेहरूंचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणावरून १९५६ साली मंत्रिपद सोडणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना मानत होता. १९६९ मध्ये त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी पाठिंबा दिला. हे दोन्ही पक्ष बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात होते. गंमत अशी, की इंपीरियल बँक ताब्यात घेऊन १९५५ साली स्टेट बँक झाली ती चिंतामणराव अर्थमंत्री असतानाच. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर करणारे रेडिओवरचे भाषणही त्यांचेच. त्यातून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. उमेदवाराच्या नावावरून आणि पाठिंबा देणाऱ्या पक्षावरून उद्याचे आर्थिक धोरण ओळखू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

१६ ऑगस्टला मतदान झाले. खासदार आणि आमदार मत देतात आणि आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते, ही पद्धत आपल्याला माहीत आहे. आज महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते, आणि ते १९७१ च्या जनगणनेवर आधारलेले आहे. मतदार पसंतीक्रम देतात. काँग्रेसच्या खासदार-आमदारांनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे इंदिराजींच्या बाजूने सांगितले गेले होते. २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. गिरींना १६,६५४ कमी पडत होती. बाकीच्या सर्व किरकोळ उमेदवारांची मते मिळूनसुद्धा दहा हजारांच्या आतच होती. म्हणजे निकाल देशमुखांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीवर आला. त्यातल्या बहुतेक रेड्डींकडे गेल्या, पण थोड्या गिरींकडेही आल्या आणि तेवढ्या पुरल्या. अखेरचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. आपल्या देशातली इतकी चुरशीची राष्ट्रपती निवडणूक दुसरी झाली नाही. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली.

या सगळ्यात गुंतवणूकदाराचे काय झाले? १४ बँकांच्या शेअरधारकांचा प्रश्न सर्वांत मोठा होता. त्यात धनिक घराणी होती, तशीच पगारदार, शिक्षक, पेन्शनर माणसेही होती. बँक ऑफ महाराष्ट्रचेच पाहा. प्रा. वा. गो. काळे आणि धों. कृ. साठे प्रभृतींनी पुण्यात १९३५ साली ती स्थापन केली, तीच मुळी मराठी मध्यमवर्गाच्या आणि छोट्या उद्योजकांच्या भरवशावर. तीही चौदांत होती. ज्याने त्या बँकेचा शेअर घेतला होता, त्याच्या हातात बँकेऐवजी भरपाईचा हक्क राहिला.

भरपाई किती आणि कशी, यावरून रुस्तम कावसजी कूपर हे शेअरधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. ते स्वतंत्र पक्षाचे नेते होते आणि त्यांच्याकडे काही बँकांचे शेअर होते. नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली. अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले. हिदायतुल्लांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून कायद्यावर सही केली होती, म्हणून ते त्यात नव्हते. १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. सरकारने चारच दिवसांत नवा वटहुकूम काढला आणि पुढे कायदा केला. त्यात प्रत्येक बँकेची भरपाई आकड्यात लिहिली होती. सेंट्रल बँकेला १७ कोटी ५० लाख, बँक ऑफ महाराष्ट्रला २ कोटी ३० लाख, चौदा बँकांची मिळून ८७ कोटी ४० लाख रुपये. शेअरधारकाला जे मिळाले ते एका न्यायालयीन लढ्यातून मिळाले.

ठेवीदाराचे मात्र काही गेले नाही. त्याचे खाते, त्याचे व्याज जसेच्या तसे राहिले. आणि तिसरा एक माणूस होता, ज्याच्याकडे शेअरही नव्हता आणि ठेवही नव्हती. तो आमच्या मराठवाड्यातला. निजामाच्या राजवटीत हाली शिक्का चाले. १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक निघाली होती, पण ती खेड्यापर्यंत पोचली नव्हती. शेतकऱ्याला पेरणीसाठी सावकार होता. राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा साऱ्या देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या आणि त्यांतल्या खेड्यांतल्या शाखा होत्या सुमारे १,८००. १९६९ मध्येच धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सुचवले, की एकेका भागाची जबाबदारी एकेका बँकेवर टाकावी. त्यातून अग्रणी बँक योजना आली. १९९० पर्यंत खेड्यांतल्या शाखा ३४,००० च्या पुढे गेल्या. या बँकांनी पुढे राजकीय दडपणाखाली दिलेली कर्जे, थकबाकी, हेही खरे आहे आणि त्याची किंमत करदात्याने मोजली. पण आमच्या भागातल्या माणसाने पासबुक पहिल्यांदा हातात घेतले ते या बदलानंतर. एकाच निवडणुकीच्या धामधुमीत मुंबईच्या शेअरधारकाचा हक्क आकसला आणि खेड्यातल्या माणसाला बँकेचे दार उघडले. निवडणुकीचा गुंतवणूकदारांवर काय परिणाम होतो, असे विचारताना कोणत्या गुंतवणूकदारावर, हेही विचारले पाहिजे.

आता आपल्या काळातले निकाल. आज बाजाराचे माप सेन्सेक्सने घेतले जाते. तो निर्देशांक १९८६ साली सुरू झाला. लोकसभेचा निकाल आणि सेन्सेक्स यांची तीन उदाहरणे घेऊ.

१३ मे २००४ रोजी निकाल लागला आणि वाजपेयी सरकार गेले. नव्या सरकारला डाव्या पक्षांचा पाठिंबा लागणार होता आणि सरकारी कंपन्यांच्या निर्गुंतवणुकीचे काय होणार, ही धास्ती होती. सोमवारी १७ मे रोजी सेन्सेक्स दिवसभरात ८४२ अंशांनी खाली गेला. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. दिवसअखेर ५६४ अंशांची घट होऊन तो ४,५०५ वर बंद झाला. म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त घट. त्या वर्षाच्या शेवटी तोच सेन्सेक्स ६,६०० च्या वर होता.

२००९ साली नेमके उलटे झाले. शनिवारी १६ मे रोजी काँग्रेस आघाडीला अपेक्षेपेक्षा मोठे यश मिळाले, आता सरकारला डाव्यांची गरज नव्हती. सोमवारी बाजार उघडताच काही सेकंदांत भाव वरच्या मर्यादेला टेकले. व्यवहार थांबवून पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच झाले आणि दिवसाचा बाजार बंद करावा लागला. सेन्सेक्स २,११० अंशांनी वर गेला. सामान्य माणसाला त्या दिवशी घ्यायला किंवा विकायला सवडच मिळाली नाही.

तिसरे उदाहरण २०२४ चे. १ जूनला मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज आले. सोमवारी ३ जूनला सेन्सेक्स २,५०७ अंश चढून ७६,४६८ वर गेला. ४ जूनला प्रत्यक्ष निकाल लागले. भाजपला २४० जागा मिळाल्या, स्वबळावर बहुमत नव्हते. सेन्सेक्स ४,३८९ अंश कोसळून ७२,०७९ वर आला. ५ जूनला तो २,३०३ अंश वर आला आणि ७ जूनला ७६,६९३ वर बंद झाला. म्हणजे चार दिवसांत तो पडझडीपूर्वीच्या जागेच्या थोडा वरच पोचला. देशातले कारखाने, पाऊस, लोकांची खरेदी यांत त्या चार दिवसांत काहीच बदलले नव्हते.

या तिन्ही वेळी घडले काय? शेअरचा भाव म्हणजे पुढे कंपनीला काय मिळेल याचा आजचा अंदाज. निकालाआधी लोक एक अंदाज बांधून खरेदी-विक्री करून बसलेले असतात. निकाल अंदाजाप्रमाणे लागला तर भाव फारसे हलत नाहीत. अंदाज चुकला की सगळे एकाच दाराने बाहेर पडू किंवा आत शिरू पाहतात. कोणता पक्ष आला यापेक्षा अंदाज किती चुकला, यावर त्या दिवसाची उलथापालथ अवलंबून असते.

अमेरिकेच्या निवडणुकीचेही असेच. ९ नोव्हेंबर २०१६ ला सकाळी आपला बाजार उघडला तेव्हा डोनाल्ड ट्रंप यांच्या अनपेक्षित विजयाच्या बातम्या येत होत्या आणि आदल्या रात्री आपल्याकडे नोटाबंदी जाहीर झाली होती. सेन्सेक्स एका क्षणी १,६८९ अंशांनी खाली होता, पण दिवसअखेर घट ३३८ अंशांची राहिली. ६ नोव्हेंबर २०२४ ला ट्रंप पुन्हा विजयी झाले तेव्हा सेन्सेक्स ९०१ अंश चढला आणि दुसऱ्याच दिवशी ८३६ अंश उतरला. तोच माणूस, तीच निवडणूक, पण एकदा घसरण आणि एकदा चढ. १९९२ पासून परदेशी वित्तसंस्था आपल्या बाजारात पैसे लावतात, डॉलरचा भाव आणि निर्यात यांचाही संबंध असतो, म्हणून लिंकन यांच्या वेळेपेक्षा आज ही दोरी जास्त घट्ट आहे.

आता मूळ काळजीचा मुद्दा. ज्यांनी चांगल्या कंपन्यांचे शेअर स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवले होते, त्यांच्या दृष्टीने ४ जून २०२४ हा एक वाईट दिवस होता, इतकेच. पण ज्यांनी वायद्यात आणि ऑप्शनमध्ये पैसे लावले होते, त्यांच्यापैकी अनेकांना ७ जूनपर्यंत थांबण्याची मुभा नव्हती. ऑप्शनला मुदत असते. मुदत संपेपर्यंत भाव अंदाजाप्रमाणे गेला नाही, तर तो कागद शून्य होतो. १ जुलै १८६५ ची तारीख जशी कुणाला पुढे ढकलता आली नाही, तसेच हे आहे. १९६९ मध्ये बंद केलेले वायद्याचे व्यवहार २००० सालापासून नव्या, नियमबद्ध रूपात सुरू झाले. त्यांचा उपयोग आहे. ज्याच्याकडे मोठी गुंतवणूक आहे, तो त्यातून आपली जोखीम कमी करू शकतो. पण ज्याच्याकडे मुळात गुंतवणूकच नाही, तो जेव्हा त्यात उतरतो तेव्हा ती केवळ पैज असते.

हे मी मनाने सांगत नाही. बाजाराची नियंत्रक संस्था सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून जास्त व्यक्तींनी वायदा आणि ऑप्शनचे व्यवहार केले. त्यांतल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तोट्यात गेलेल्यांचा खर्च धरून सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. सर्वांचा मिळून एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दोन लाख म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर सेबीने सौद्याचा किमान आकार वाढवला आणि दर आठवड्याला संपणाऱ्या सौद्यांना आळा घातला. पण मोबाइलवरचे बटण गावोगावी पोचलेच आहे.

दुसऱ्या बाजूलाही तितकेच सावध राहिले पाहिजे. बाजाराला घाबरून माणसे जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेकडे जातात. आमच्या जिल्ह्यात अशा ठेवी अडकून रडणारी माणसे मी पाहिली आहेत. बँक, मग ती सहकारी असली तरी, बुडाली तर पाच लाख रुपयांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी ती एक लाख होती. पतसंस्थांना हे संरक्षण लागू नाही. त्यांच्या दारावरची पाटी कितीही चकचकीत असली तरी पैसे देण्याआधी हे विचारून घ्यावे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी इतिहासाच्या शिक्षकाला जमेल तेवढेच सांगितले. बियाण्याचा पैसा हा बाजाराचा पैसा नाही. मृगापर्यंत जो पैसा लागणार आहे, तो बँकेतच असावा. पाच-सात वर्षे ज्याला हात लावायची गरज नाही, तो पैसा थोडाथोडा करून, स्वतःच्या नावाने, उसना न घेता शेअरमध्ये किंवा म्युच्युअल फंडात घालायला हरकत नाही. असा माणूस २००४ च्या सोमवारीही तरला आणि २०२४ च्या मंगळवारीही तरला. तोट्याचा धोका त्यालाही आहे, पण घर जाण्याचा नाही. त्या मुलाने बियाणे आणले. ऑप्शनमध्ये दोन-चार हजार घातले का, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

राष्ट्रपतिपदाची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते आणि लोकसभेची पुढची निवडणूक नियमाप्रमाणे २०२९ मध्ये आहे. तेव्हाही अंदाज येतील, दूरचित्रवाणीवर वर-खाली जाणाऱ्या रेषा दिसतील आणि आज काय घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या गडबडीच्या आधीच एका शांत संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक कागद घ्यावा. पेरणीला किती, मुलांच्या फीला किती, दवाखान्यासाठी किती, लग्नकार्यासाठी किती आणि कोणत्या महिन्यात, हे त्यावर लिहावे. एवढी बेरीज वजा करून जे उरेल, त्याचाच विचार बाजाराच्या बाबतीत करावा. काही उरत नसेल, तर निकालाचा दिवस आपल्यासाठी फक्त मतमोजणीचा दिवस आहे. तो तसाच पाहावा.